नवीन घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

माझं काम पुस्तकांची पानं लावण्याचं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते, त्यामुळे घरातले आणि ओळखीचे लोक काहीही घेण्याआधी मला विचारतात. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच: “लॅपटॉप फार स्लो झालाय, नवीन घेऊ का?” माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा आणि जे दिसेल त्याचा फोटो मला पाठवा.

विंडोजमध्ये या तीन कळांनी टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू (आकडेमोड करणारा प्रोसेसर), मेमरी (चालू कामाची तात्पुरती जागा, म्हणजे रॅम), डिस्क (फायली कायम साठतात ती) आणि नेटवर्क असे रकाने असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के. मशीन रखडलेलं असतानाच ते बघायचं, सगळं सुरळीत झाल्यावर नाही. कारण चारांपैकी नेमकं काय अडलंय हे तेव्हाच कळतं, आणि जे अडलंय तेवढंच बदलावं लागतं. हे न बघता अख्खं मशीन बदलणाऱ्यांचं मला खरोखर वाईट वाटतं. पैसे जातात, चालू स्थितीतली वस्तू कचऱ्यात जाते, आणि पुष्कळदा सहा महिन्यांत नवीन मशीनही तसंच रखडायला लागतं.

माझ्या ताईच्या कॉम्प्युटरचा फोटो आला तेव्हा सीपीयू बारा टक्के होता, मेमरी अर्धी रिकामी होती आणि डिस्क १०० टक्के. एवढं दिसल्यावर पुढचं निदान सोपं असतं. टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कच्या नावाशेजारी एचडीडी लिहिलंय की एसएसडी ते बघायचं. ताईकडे एचडीडी होती, म्हणजे फिरती डिस्क. लॅपटॉपमधल्या अशा डिस्का बहुतेक करून मिनिटाला ५४०० फेरे घेतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या दांडीखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद नुसत्या फिरण्यात जातात. शिवाय दांडी योग्य जागी सरकायला लागणारा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक-बारीक फायली इकडून तिकडून उचलत असतं, त्यामुळे तो वेळ साठत जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या अंशात होतं. ताईच्या मशीनची डिस्क बदलली, बाकी एक स्क्रूसुद्धा बदलला नाही. आता ती बटण दाबून खुर्ची ओढते तोवर लॉगिनचा पडदा आलेला असतो. आजही कोणाकडे फिरत्या डिस्कवर विंडोज चालत असेल, तर बाकी काही वाचण्याआधी एवढं एक करून घ्या.

भाच्याचा मामला वेगळा होता.

“मावशी, माझ्याकडे एसएसडी आहे. तरी स्लो आहे,” तो म्हणाला.

“रोज बंद करतोस का?”

“रोज रात्री शट डाउन करतो.”

मी त्याला परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करून ‘अप टाइम’ वाचायला सांगितलं. मशीन सलग किती वेळ चालू आहे ते तिथे दिसतं. त्याच्याकडे तीन आठवड्यांहून जास्त वेळ दिसत होता. रोज बंद करूनही! त्याला धक्काच बसला, पण यात बिघाड काही नाही. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात, आणि दुसऱ्या दिवशी तेच उचलून पुढे सुरू होतं. त्यामुळे आदल्या दिवशी एखादा ड्रायव्हर अडखळला असेल तर तो आजही अडखळलेलाच असतो. रीस्टार्ट केलं तरच सगळं पुसून नव्याने सुरू होतं. म्हणजे बऱ्याच मशीनवर शट डाउनपेक्षा रीस्टार्टच पूर्ण असतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तर त्या वेळेपुरतं खरंखुरं बंद होतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. हे मी इतक्यांना सांगितलंय, आणि दरवेळी समोरच्याला शंका येते की इतकं साधं कसं असेल.

रीस्टार्टनंतर त्याचं मशीन बरंचसं सुधारलं. उरलेली सुस्ती मेमरीची होती. आठ जीबीपैकी सात भरलेली, आणि त्यात मोठा वाटा ब्राउझरचा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती मेमरी खातोय ते ओळीने दिसतं. एखादं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, कधीतरी बसवून विसरलेलं असतं आणि तेच सगळ्यात वर बसलेलं सापडतं. मशीन सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्रॅमही बघा. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचं वेगळं पान असतं, त्यात प्रत्येकाचा सुरुवातीवर किती भार पडतो तेही लिहिलेलं असतं. अँटिव्हायरस सोडून द्या, पण मीटिंगचे, चॅटचे, गेमचे प्रोग्रॅम तिथे असायचं काहीच कारण नाही. लागतील तेव्हा उघडावेत.

मग बॅटरी. ती त्याची खरी तक्रार होती आणि तिच्यासाठीच त्याला नवीन लॅपटॉप हवा होता. विंडोजमध्ये बॅटरीचा सविस्तर अहवाल काढता येतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. स्टार्ट मेनूत सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून काळी खिडकी उघडायची. तिच्यात पॉवर हा शब्द, त्याला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून स्लॅश आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं सलग, सगळं इंग्रजीत लिहून एंटर दाबायचं. अहवालाची फाइल कुठे ठेवली तो पत्ता तिथेच छापून येतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

वरचा बराचसा भाग सोडून दोनच आकडे बघायचे: ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’. पहिला म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती वीज मावायला हवी होती तो, दुसरा म्हणजे आज किती मावते. भाच्याचा पहिला आकडा ४१,००० मिलिवॉट-अवर होता आणि दुसरा २१,००० च्या आसपास. म्हणजे पडद्यावर १०० टक्के दिसत होते, पण ते १०० टक्के निम्म्या बॅटरीचे होते. याच अहवालात आणखी खाली ही क्षमता कशी उतरत गेली त्याचा तक्ता असतो. त्याची उतरण उन्हाळ्याच्या महिन्यांत ठळक दिसत होती, आणि तेव्हा लॅपटॉप सतत चार्जरला लावून गादीवर ठेवलेला असायचा असं त्यानेच सांगितलं.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता, आणि सतत काठोकाठ भरलेलं असणं. दोन्ही एकत्र आल्या की ती भराभर झिजते. म्हणून आता बऱ्याच लॅपटॉपमध्ये आणि फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. दिवसभर प्लगला लावून काम करणाऱ्यांनी ती आजच सुरू करावी. लॅपटॉपमध्ये ती बहुधा बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये सापडते, फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये. प्रवासाच्या आदल्या रात्री बंद करून पूर्ण भरायची, परत आलात की पुन्हा सुरू. भाच्याने नवीन लॅपटॉपऐवजी नवीन बॅटरी घेतली. मागचं झाकण साध्या स्क्रूंचं होतं, म्हणून ते सहज जमलं. झाकण सहज उघडतं का, हा प्रश्न मी आता प्रत्येक खरेदीत विचारते.

म्हणजे नवीन कधीच घेऊ नका असं नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नाव नोंदवलेल्या घरगुती मशीनना सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ज्या मशीनवर टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) नाही किंवा प्रोसेसर मान्य यादीत नाही त्यावर विंडोज ११ रीतसर चढत नाही. अशा मशीनवरून बँकेचे व्यवहार करत राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी, मोफत प्रणाली टाकता येते आणि ती उत्तम चालते, पण ज्यांना ती शिकायला वेळ नाही त्यांनी नवीन घेणंच बरं.

घेताना दुकानदार जे आधी दाखवतो ते शेवटी बघा. सध्या एआय पीसीचं वारं आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’ जाहीर केले. ते नाव मिळवायला मशीनमध्ये वेगळा एनपीयू, म्हणजे एआयची कामं करणारा प्रोसेसर, लागतो आणि त्याने सेकंदाला किमान ४० लाख कोटी आकडेमोडी करायला हव्यात. आकडा भारी आहे. पण माझ्या कामात, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेकांच्या कामात, हा एनपीयू व्हिडिओ कॉलमध्ये मागची भिंत धूसर करण्यापलीकडे फारसा हलत नाही. याच मशीनचं ‘रिकॉल’ हे मोठं आकर्षण होतं. दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र साठवायचं आणि नंतर त्यात शोधायचं. सुरक्षेवरून इतकी ओरड झाली की जून २०२४ मध्ये ते पुढे ढकललं गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये आलं ते वापरणाऱ्याने स्वतः सुरू केलं तरच चालेल अशा रूपात. मी ते सुरू करणार नाही. माझ्या पडद्यावर लेखकांची अप्रकाशित पानं असतात, ती माझी नाहीत.

तरी या मशीनचा एक फायदा मला मनापासून पटतो. त्या नावाच्या अटींमध्ये किमान १६ जीबी मेमरी आहे. आठ जीबीच्या नवीन मशीनपासून लांब राहा. पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी बहुतेक ठिकाणी बदलता येते, पण मेमरी घेताना चुकली की त्या मशीनच्या अखेरपर्यंत चुकली.

फोनच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नसतो. अपडेट किती वर्षं मिळणार, हा असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांचे अपडेट देऊ असं सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी तेच सांगितलं. अँड्रॉइडच्या जगात एकेकाळी दोन-तीन वर्षं म्हणजे खूप मानली जायची, त्यामुळे मला हा बदल कुठल्याही घडीच्या पडद्यापेक्षा मोठा वाटतो. मात्र ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर तेवढी वर्षं वजा करून हिशेब करा.

ज्या वस्तू कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालूच शकत नाहीत, त्यांच्याबद्दल मी फार कडक आहे. छातीवर लावायची ‘ह्युमेन एआय पिन’ एप्रिल २०२४ मध्ये लोकांच्या हातात पडली. फोनला पर्याय म्हणून तिची केवढी चर्चा होती! २८ फेब्रुवारी २०२५ ला सर्व्हर बंद झाले आणि तिच्यावरून कॉल, मेसेज, प्रश्नोत्तरं सगळं थांबलं. वर्षसुद्धा पुरं झालं नाही. गाडीत लावायचं स्पॉटिफायचं ‘कार थिंग’ ९ डिसेंबर २०२४ पासून असंच निकामी झालं. काच फुटली नव्हती, बॅटरी गेली नव्हती, धडधाकट वस्तू दूरवरच्या एका निर्णयाने मेली. म्हणून बल्ब, कॅमेरा, कुलूप, घड्याळ काहीही घेताना विचारा: उद्या कंपनी बुडाली तर यातलं काय चालू राहील? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती वस्तू माझ्या घरात येत नाही.

आता तारांकडे येते, कारण तारांमुळे वाया गेलेली खरेदी मी फार पाहिलीये. यूएसबी-सी हा आकार २०१४ मध्ये ठरला. उलटसुलट कसाही बसतो, आत २४ पिना असतात, आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नवीन फोनना तो सक्तीचा आहे. उत्तम झालं. पण आकार एक असला तरी तारेच्या आतला माल एक नसतो. फोनबरोबर मिळणारी चार्जिंगची तार पुष्कळदा आतून यूएसबी २.० असते, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. दिसायला अगदी तशीच दुसरी तार १० गिगाबिटची असू शकते, तिसरी ४० ची. पन्नास जीबीचा फोल्डर पहिल्या तारेने हलवायला वीस मिनिटांच्या वर जातील. दुसरीने, डिस्क तेवढी वेगवान असेल तर, मिनिट-दोन मिनिटं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मैत्रिणीने नवी कोरी बाहेरची एसएसडी स्लो आहे म्हणून परत पाठवायला काढली होती. फाइल हलत असताना ‘मोअर डिटेल्स’ उघडलं तर वेग सेकंदाला चाळीस एमबीच्या आसपास अडून बसलेला. आलेख सपाट, जणू पट्टीने ओढलेला. असा सपाट आलेख दिसला की तारेवर किंवा पोर्टवर संशय घ्यायचा. तार बदलली, डिस्क निर्दोष निघाली. चार्जिंगचंही असंच: साधी सी-ते-सी तार ६० वॉटपर्यंत नेते, त्यापुढे आत ओळख देणारी चिप असलेली पाच अँपिअरची तार लागते. घरातल्या चांगल्या तारांना रंगीत चिकटपट्टी लावून त्यावर वेग आणि वॉट लिहून ठेवा. मी तसंच करते.

तारेवरून आठवलं. त्याच मैत्रिणीचा बिनतारी माउस मध्येच अडखळायचा. सेल बदलून झाले होते, माउसपॅड बदलून झाला होता, नवीन माउस घ्यायची वेळ आली होती. मी जाऊन बघितलं. माउसचा चिमुकला रिसीव्हर लॅपटॉपच्या डाव्या बाजूला, आणि त्याला खेटून यूएसबी ३ ची डिस्क. डिस्कवर बॅकअप सुरू झाला की माउस लंगडायला लागायचा, डिस्क काढली की ठीक. हा योगायोग नसतो. यूएसबी ३ चालू असताना त्याच्या कनेक्टरमधून आणि तारेतून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो, आणि बिनतारी माउस, ब्लूटूथ, जुना वाय-फाय सगळे तिथेच बोलत असतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. उपाय: रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, नाहीतर छोट्या एक्स्टेंशन तारेने हातभर लांब आणा. तिचा माउस तोच आहे आणि सरळ चालतो.

रोजच्या वापरातली एकच कळ सांगायची तर विंडोज आणि व्ही. पहिल्यांदा दाबल्यावर सुरू करू का असं विचारेल, हो म्हणा. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टी तिथे ओळीने मिळतात, नेहमी लागणाऱ्या पिन करून ठेवता येतात आणि पिन केलेल्या रीस्टार्टनंतरही राहतात. नवीन मशीनने माझा जेवढा वेळ वाचला नाही तेवढा या कळेने वाचला. दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तर उठताना ही यादी पुसा, त्यात पासवर्डही पडलेले असू शकतात. वेबवरचा मजकूर रंग-फाँटसकट चिकटू नये म्हणून कंट्रोल-शिफ्ट-व्ही. हे आता वर्डमध्येही चालतं.

यातलं काहीही करण्याआधी, डिस्क बदलणार असाल किंवा मशीनच, बॅकअप घ्या. क्लाउडवर आपोआप जातंय म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. कचऱ्याच्या टोपलीत ती महिनाभर राहते, पुढे नाही. एक प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवलेली.

आणि एक किल्ली शोधून ठेवा. आताच्या बऱ्याच विंडोज मशीनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, न विचारता. एरवी कळतही नाही. पण बोर्ड बदलला, बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झालं, की एके दिवशी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर आतलं काहीही परत मिळत नाही. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या यादीखाली असते. मशीन चालू आहे तोवर तिथे जाऊन बघा, कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.